साहेबांचे दोन शब्द

आमच्या भागात निवडणूक सभेत जिंकली जात नाही, मातीत जिंकली जाते. माती म्हणजे शेतातली नव्हे. आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. माणूस गेलं की गावोगावचे सोयरेधायरे जमतात, प्रेत चितेवर चढतं, जाळ धरतो, आणि कवटी फुटेपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागतं. मधूनच कुणी उठून जात नाही, कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, कुणी खुर्ची मागत नाही. इतकी गुमान बसलेली गर्दी कुठल्याच पुढाऱ्याला गाड्या भरून आणता येत नाही. मग गावचा सरपंच पुढं होतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "आता साहेब दोन शब्द बोलतील."

या दोन शब्दांवर आमच्या साहेबांनी उभी हयात राज्य केलं. 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे' ही म्हण मी मुलांना अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला देत असे. मुलांना वाक्य सुचायचं नाही. मला मात्र ते जीपच्या पुढच्या सीटवर बसलेलं दिसायचं.

मी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत मराठीचा मास्तर होतो. शाळा शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत. घर देवगाव रंगारीच्या पुढच्या एका गावात. संस्थेत नोकरी लागली की माणूस शाळेचा कमी आणि साहेबांचा जास्त होतो. कुणी मास्तर त्यांच्या मळ्यातलं पाणी बघायचा, कुणी बंगल्यावर फोन उचलायचा, शास्त्र शिकवणारे एकजण तर साहेबांच्या सासूला दवाखान्यात न्यायला-आणायला होते. माझ्या वाट्याला माती आली. आठवड्यातून एखाद-दोनदा वर्गावर निरोप यायचा, "मास्तर, जीप उभी आहे." मुलांना निबंध लिहायला लावून मी मागच्या सीटवर जाऊन बसायचो.

माझं काम कानाला लागायचं. गाव येईपर्यंत गेलेल्या माणसाबद्दल साहेबांना सांगायचं. घराणं, भाऊबंदकी, मुलं काय करतात, हे तर कुणीही सांगेल. मी एखादी अशी गोष्ट काढून आणायचो की ती ऐकून मुलगा हमसून रडला पाहिजे. म्हातारी नातवाला शाळेत सोडताना पदरात गूळ बांधून न्यायची. म्हातारा बैल विकल्यावर आठवडाभर जेवला नव्हता. मी त्याच भागातला, निम्म्या गावांत नातं, उरलेल्या निम्म्या गावांतली पोरं माझ्या हाताखालून गेलेली. मला कळायचं.

साहेब ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. जीपमधून उतरताना चेहरा आपोआप बदलायचा. देवगावच्या बाजारातला एक म्हातारा शिंपी वारला तेव्हा साहेब डोक्याला रुमाल बांधून त्याच्या मुलाशेजारी फरशीवर बसले. मी वाटेत सांगितलं होतं की म्हाताऱ्याचा मशीनच्या काजांवर विश्वास नव्हता, शेरवानीची काजं तो शेवटपर्यंत हातानं करायचा. साहेबांनी मुलाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "मियाँ, चाचा जैसे काज अब कौन करता जी?" तो पोरगा त्यांच्या गळ्यात पडून असा रडला की बघणाऱ्यांचेही डोळे भरून आले. परतताना साहेबांनी रुमाल सोडून खिशात घातला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हा मोहल्ला झाला."

लोक म्हणायचे, साहेबांना घराघरातलं माहीत असतं, साहेब घरचेच आहेत. रस्ता झाला नाही, शाळेचं छत गळतं, पोराला नोकरी लागत नाही, तरी मत साहेबांना. कारण काय, तर बापाच्या मातीला आले होते. आपल्या मेलेल्या माणसाची आठवण ज्याच्याकडं आहे त्याला नाही कसं म्हणायचं? सत्ता मिळवायचा याहून स्वस्त रस्ता मला अजून कुठं दिसलेला नाही.

मग माझा बाप वारला.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी बाप बांधावर गेला, घरी येऊन बाजेवर टेकला आणि पाणी मागता मागता गेला. मी सुट्टीवर गावीच होतो. बाप फार बोलणारा माणूस नव्हता. गावात त्याला ओळखायचे ते एकाच गोष्टीसाठी. अठ्ठेचाळीसला निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तो ऐन जवानीत होता. रझाकारांवरचा राग त्या दिवसांत गावोगावी गरीब मुसलमानांवर निघाला. बाप शेजारच्या मुसलमान घराच्या उंबऱ्यात कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला आणि आलेल्यांना म्हणाला, "आधी मला उचला." कुणी उचललं नाही. ते घर गावात राहिलं. याबद्दल बाप स्वतः कधी चकार शब्द बोलला नाही. त्या घरातला त्याच्याच वयाचा दोस्त, आमचे चाचा, मात्र दर ईदला ती गोष्ट नव्यानं सांगायचे. बापाच्या मातीला कुणीतरी तेवढं बोलावं एवढीच माझी इच्छा होती. मुलानं बोलायची रीत नाही. मडकं खांद्यावर घेतलेल्यानं गप्प राहायचं असतं.

बंगल्यावर निरोप गेला तो असा: "मास्तरच्या घरचं म्हातारं माणूस गेलं."

इथं घात झाला. आमच्या बोलीत म्हातारं माणूस नपुंसकलिंगी असतं. बाप गेला तरी म्हातारं माणूस गेलं, आई गेली तरी म्हातारं माणूस गेलं. पुढं कुणीतरी विचारतं, कोण, म्हातारा का म्हातारी? ते विचारणारा आणि सांगणारा मीच, आणि मी त्या दिवशी जीपमध्ये नव्हतो. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या आठवणीतून काहीतरी काढायचं ठरवलं. त्यांना आठवली माझी आई. पहिल्या निवडणुकीत पायी फिरताना ते आमच्या चुलीपुढं बसून तिच्या हातची भाकर आणि ठेचा खाऊन गेले होते. बापाला त्यांनी कधी पाहिलंही नसेल.

साहेब पोचले तेव्हा चिता पेटली होती. जाळात काय आहे ते दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, सरपंचानं 'दोन शब्द' म्हटलं, आणि साहेबांनी डोळे मिटले.

"आज माझी माऊली गेली," ते म्हणाले.

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पण ते पुढं गेले. तिच्या चुलीवर आले, भाकरीवर आले, ठेच्यावर आले. आवाज भरून आला, खिशातून रुमाल निघाला. "कपाळभर कुंकू लावणारी ती माऊली अहेव गेली, सवाष्ण गेली. बायामाणसाला याहून मोठं भाग्य नाही. मागं राहिलेल्या बाबांना देव बळ देवो."

मागं राहिलेले बाबा समोर जळत होते. आणि तिकडं घरी त्याच घटकेला बायका माझ्या आईचं कुंकू पुसत होत्या.

मी वर बघितलं. सगळं गाव उभं होतं. सरपंच होता, सोसायटीचा चेअरमन होता, भावकी होती, ज्यांनी सकाळी बापाला आंघोळ घातली ते होते. प्रत्येकाला ठाऊक होतं की चितेवर बाप्या आहे. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून माना खाली घालून उभे. साहेबांचं झाल्यावर सरपंच म्हणाला, "साहेबांनी आपल्या सगळ्यांच्या भावना मांडल्या." त्या दिवशी मला सत्तेची खरी व्याख्या कळली. तुम्ही भलत्याच माणसाला जाळलं तरी दोनशे माणसं मान हलवतात, ती सत्ता.

चाचा काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांना मराठी चांगली कळायची, तरी कानावर विश्वास बसेना. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "बेटा, साब किसकू रोरे?"

कुऱ्हाडीची गोष्ट बोलायची राहून गेली ती गेलीच.

आईला चुलतीनं सांगितलं. आई कोपऱ्यात बसली होती, हात रिकामे, कपाळ रिकामं. तिनं एकच विचारलं, "सवाष्ण गेली म्हणला?"

चुलती म्हणाली, "व्हय."

 संध्याकाळी मी आईपुढं पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा म्हणाली, "तुझ्या बापाच्या मातीत त्यानं माझी माती केली. आन् तुझ्या बापाला माती सुदिक भेटली नाय."

दहाव्याच्या आधी साहेब घरी आले. वाटेत कुणीतरी सांगितलं असावं. ते बाजेवर बसले, समोर भिंतीला टेकून आई. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस हात जोडेल. तेवढं केलं असतं तर आई विरघळली असती, मी ओळखतो तिला. पण साहेबांना माफी मागायची सवयच नव्हती. ते मांडीवर थाप मारून हसले. "बरं झालं माऊली! जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. तुमचं आयुष्य मी वाढवलं!"

बरोबरची सगळी माणसं खदाखदा हसली. नवऱ्याचा दहावाही न झालेल्या बाईसमोर हसली. हा राग आज लिहितानाही माझ्या हातात उतरतो.

आई हसली नाही. शांतपणे म्हणाली, "वाढवलं का सायब? मंग मी ते वाया नाय जाऊ देणार."

साहेब गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "तू त्याच्या कानात काय घालतूस ते बंद कर."

"आई, नोकरी जाईल."

"खोटं सांग म्हणले का मी? नुस्तं गप बस. बाकीचं माझं मी बघते."

मी गप्प बसायला लागलो. साहेबांनी विचारलं की गेलेल्याचं नाव, गाव, मुलं किती, एवढंच सांगायचं. "आणखी काही?" "चांगला माणूस होता, साहेब." पदरातला गूळ, हाताची काजं, विकलेला बैल, सगळं मी पोटात ठेवायला लागलो. साहेबांच्या दोन शब्दांत खरोखरच दोन शब्द उरले, मनमिळाऊ आणि कष्टाळू. शेजारच्या गावात एक दारुडा वारला, ज्यानं जन्मात काडी इकडची तिकडं केली नव्हती आणि बायकोला रोज बदडलं होतं. साहेब म्हणाले, "अत्यंत मनमिळाऊ, अत्यंत कष्टाळू." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मातीत हसू ऐकायची ती माझी पहिली वेळ. मला ते गोड लागलं.

पण खरं काम आईनं केलं. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत, त्या घरी भेटायला जातात. गेलेल्याच्या बायकोपाशी, आईपाशी बसायचं, गळ्यात पडायचं, रडायचं. आई आता भागातलं एक घर सोडेना. एसटीनं जायची, बैलगाडीनं जायची, जवळचं असलं तर पायी. साहेबांच्या आधी पोचायची. बायकांत बसायची, मनापासून रडायची, कारण तिचं स्वतःचं रडणं बाकीच होतं. मग पदरानं डोळे पुसून म्हणायची, "मला वळखलं नाय व्हय? मी ती. सायबानं जाळलेली."

बायकांना आधी कळायचं नाही. मग कुणीतरी कुजबुजून सांगायचं. मग आई सगळं म्हणून दाखवायची. साहेबांचे मिटलेले डोळे, रुमाल, 'माझी माऊली अहेव गेली' हे त्याच आवाजात. आई बिनशाळेची, पण नक्कल अशी करायची की ज्या घरात प्रेत उठून तास झाला नव्हता त्या घरात बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. शेवटी म्हणायची, "तुमच्या घरचं गेलेलं बाप्या हाय का बाई, त्याला नीट सांगून ठिवा. न्हाईतर उद्या तुमच्यातल्या कुणाला तरी जाळून जाईल."

हसू फार वाईट. शिवी दिली तर पुढारी मोठा होतो, मोर्चा काढला तर आणखी मोठा होतो. हसू आलं की संपला. साहेब आता एखाद्या दारात उतरून चेहरा पाडायला लागले की आतून बायकांची खुसखूस ऐकू यायची. ते डोळे मिटायचे आणि माजघरात कुणीतरी म्हणायचं, "आला बया, मिटले." त्यांना कळेना काय होतंय. जीपमध्ये त्यांनी मला एकदा विचारलं, "मास्तर, बायका हसतात का हो?" मी म्हणालो, "नाही साहेब, हुंदके असतील."

कधीतरी कुणीतरी त्यांना खरं सांगितलंच. माझी बदली संस्थेच्या पैठणकडच्या शाळेत झाली. माझं गाव उत्तरेला, ती शाळा दक्षिणेला, मध्ये अख्खं शहर. निम्मं आयुष्य एसटीच्या खिडकीशी जायला लागलं. पाण्यात राहून माशाशी वैर केलं होतं, त्याची फी भरत होतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंय. तिकडं पण मरतंच असतील की लोकं."

निवडणूक लागली तेव्हा साहेब पुन्हा आमच्या घरी आले. या वेळी शाल आणि नारळ घेऊन, आणि आवाजात इतका मऊपणा की मला त्यांची दयाच यावी. ती आली नाही. म्हणाले, देवगावला मोठी सभा आहे. माऊलीनं स्टेजवर यावं, मी सगळ्यांसमोर पाया पडतो, माऊलीनं नुसता डोक्यावर हात ठेवावा. मास्तरांची बदली उद्याच्या उद्या रद्द. मी आईकडं बघितलं. माझी कंबर त्या एसटीनं मोडली होती, मुलगी दहावीला होती, आणि खरं सांगतो, तिनं हो म्हटलं असतं तर मी अडवलं नसतं.

आईनं शाल हातात घेतली, पोत बघितला, घडी मोडू न देता परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"नाय जमायचं सायब. मेलेलं माणूस कुठं स्टेजवर येतंय व्हय?"

साहेब पडले. थोडक्यानं नाही, चांगलेच आपटले. निकाल ऐकला तेव्हा मी शहरात होतो. गुलमंडीवर गरम इमरती घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. पाक मनगटावर ओघळला तो चाटला. बापाचं तेरावं मला त्या दिवशी गोड लागलं. त्या रात्री आईनं काय केलं असं लोक विचारतात. काही केलं नाही, जेवून झोपली.

जिंकलेला नवा पुढारी दगडापेक्षा वीट मऊ, इतकाच. पण त्याला ठाऊक होतं की हे कुणाच्या घरातून झालंय. संस्थेच्या कमिटीत त्याची माणसं आली, मी परत शहरात आलो, पुढं मुख्याध्यापक झालो. माणसं माझ्याकडं यायला लागली. पुतण्याला शिपाई म्हणून घ्या, भाच्याला ॲडमिशन द्या. गावात गेलो की पारावरची माणसं उठून जागा द्यायची. मी नको नको म्हणायचो आणि बसायचो.

साहेबांनी वाढवलेलं आयुष्य आईनं पुरेपूर वापरलं. सगळे दात पडले, नातसुना आल्या, मग ती गेली. आईच्या मातीला तोबा गर्दी झाली. सगळ्या भागातले लोक आले, आणि पहिल्यांदाच बायकाही स्मशानाच्या बांधापर्यंत आल्या, कुणी अडवलं नाही.

जाळ धरला आणि गर्दीच्या मागं मला साहेब दिसले. जीप नव्हती, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले होते. गळा बारीक झाला होता, सदरा खांद्यावरून ओघळत होता. का आले कुणास ठाऊक. खरंच वाईट वाटलं असेल, किंवा मातीला जायची सवय सुटत नसेल. सवयच गावालाही होती. कुणीतरी त्यांना वाट करून दिली, आणि नवा सरपंच त्याच सवयीनं घसा खाकरून म्हणाला, "आता साहेब दोन शब्द बोलतील."

साहेब पुढं आले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडं बघत होते. ओठ हलले. मला वाटतं त्यांना या वेळी जे बोलायचं होतं ते खरं असावं.

मडकं फोडलेल्यानं बोलायचं नसतं. मी बोललो. मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं.

"साहेबांची श्रद्धांजली आईला मागंच पोचली आहे. दुसऱ्यांदा कशाला?"

त्यांचे ओठ मिटले. हात जोडायला वर आले होते, ते तसेच खाली गेले. ते मागं वळले आणि लोकांतून वाट काढत बांधावरच्या बायकांसमोरून निघून गेले. म्हातारा माणूस, पायाखालची ढेकळं चुकवत.

मी लोकांकडं बघितलं. कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. कुणी असंही म्हणालं नाही की मास्तर, मातीला आलेल्याला असं बोलू नये. हजारभर माणसं माना खाली घालून उभी होती. आणि सरपंच घसा खाकरून म्हणाला, "बरोबर बोलले सर." मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं.